शून्य ड्युटीचा व्हॉल्व्ह आणि तुझा आयईसी

वाचकाचं पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. बॉल व्हॉल्व्ह आणि फूट व्हॉल्व्ह करतो, कास्टिंग बाहेरून घेतो, मशीनिंग, असेंब्ली, टेस्टिंग आमच्याकडंच. सोळा माणसं आहेत. मुंबईचा एक ट्रेडर व्हिएतनामचे स्टेनलेसचे बॉल व्हॉल्व्ह द्यायला तयार आहे, एक इंची न्हावाशेवा पोहोच ४०० रुपये, आम्हाला तोच ५६० ला पडतो. आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट) करारामुळं ड्युटी शून्य, माल कुठल्या देशाचा त्याचं सर्टिफिकेट तो देणार, नाहीतर साडेसात टक्के लागते म्हणतो. फक्त माल आमच्या आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यातीच्या नोंदणी नंबरवर, उतरवायचा. बाबा म्हणतात असल्या फंदात पडू नको, मेहुणा म्हणतो मशीनं विकून सरळ ट्रेडिंग कर, आणि डीलर रेट जुळवा नाहीतर बघा म्हणून बसलाय. हे कायदेशीर आहे का? कस्टमनं विचारलं तर काय सांगायचं? आणि हा करार दोन्हीकडून आहे तर मग आपला माल तिकडं का जात नाही? सॅम्पलचे फोटो जोडलेत."

फोटो आधी बघितले आणि पत्र नंतर वाचलं, सवयच आहे ती. तिसरा फोटो तू स्वतः नीट बघितलास का? बाहेरच्या खोक्यावर व्हिएतनाम लिहिलंय, ठीक आहे, पण आतल्या छोट्या डबीच्या झाकणाखाली जी बारीक छपाई आहे त्यात इंग्रजीत युहुआन असं गावाचं नाव आलंय. युहुआन हे चीनच्या झेजियांग प्रांतातलं, व्हॉल्व्ह आणि नळांच्या धंद्यासाठी नावाजलेलं गाव. आता नुसती डबी चीनची असली म्हणून माल चीनचा ठरत नाही, डबी कुठूनही मागवता येते, पण ट्रेडर तुला काय विकतोय याचा अंदाज घ्यायला तेवढं पुरे आहे.

कायदेशीर आहे का, तर हो, व्हिएतनामचा माल शून्य ड्युटीवर आणणं शंभर टक्के कायदेशीर आहे. भारत-आसियान वस्तू व्यापार करार ऑगस्ट २००९ मध्ये बँकॉकला सही झाला, १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि व्हिएतनामबरोबर त्याच वर्षी जूनपासून. करारात सगळाच माल शून्य नाहीये, काही शून्य, काही कमी केलेला, काही पूर्ण बाहेर ठेवलेला, त्यामुळे पहिलं काम म्हणजे तुझ्या व्हॉल्व्हचा कस्टमच्या वर्गवारीतला आठ आकडी कोड घेऊन आपल्या कस्टमच्या ४६/२०११ या नोटिफिकेशनमध्ये तो कुठे बसतो ते सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडून, लेखी बघून घे, ट्रेडरच्या तोंडी शब्दावर जाऊ नको. समजा शून्य निघाला. पण शून्य आहे तो "व्हिएतनामच्या मालाला", व्हिएतनामहून आलेल्या मालाला नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

माल व्हिएतनामचा कधी म्हणायचा? ह्या करारात दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पाळायच्या आहेत. एक, बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा सहा आकडी कोड आणि तयार मालाचा सहा आकडी कोड वेगळा झाला पाहिजे. दोन, एफओबी किमतीच्या (तिथल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) किमान ३५ टक्के भाग आसियानमधला किंवा भारतातला असला पाहिजे. आता तुझ्या व्हॉल्व्हचंच बघ. व्हॉल्व्हचे सुटे भाग ८४८१.९० मध्ये येतात आणि अख्खा बॉल व्हॉल्व्ह ८४८१.८० मध्ये. म्हणजे चीनहून बॉडी, बॉल, स्टेम, सीट, हँडल सगळं आणलं आणि व्हिएतनामच्या हायफाँग बंदराजवळ एखाद्या शेडमध्ये चार पोरांनी पान्यानं आवळलं तरी कोड बदलला, पहिली अट पास! म्हणूनच हा माल ह्या धंद्यात इतका लाडका आहे. अडकतो तो ३५ टक्क्यांवर. समजा व्हॉल्व्ह शंभर रुपयांना बाहेर पडला आणि त्यातले चिनी भाग ७८ रुपयांचे, तर राहिले २२, त्यातच मजुरी, टेस्टिंग, वीज, पॅकिंग आणि त्याचा नफा. बावीस म्हणजे पस्तीस नव्हे. आणि करारात असंही आहे की नुसतं जुळवणं, पॅकिंग करणं, लेबल लावणं असल्या किरकोळ कामानं माल त्या देशाचा होत नाही.

मग सर्टिफिकेट कसं मिळतं विचारशील. फॉर्म एआय म्हणतात त्याला, तिथलं सरकारी खातं देतं, आणि देतं ते एक्सपोर्टरनं भरून दिलेल्या हिशोबावर. चिनी भागांचं बिल ७८ ऐवजी ६० चं दाखवलं की कागदावर चाळीस टक्के होतात. व्हिएतनामचं सरकार यात डोळे मिटून बसलंय असंही नाही हां, २०१९ मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्यांनी चिनी मालावर व्हिएतनामचं नाव लावून अमेरिकेला पाठवणाऱ्यांबद्दल जाहीर ओरड केली होती, आणि २०२५ च्या जुलैत तर ट्रम्पनं व्हिएतनामच्या मालावर २० टक्के आणि दुसऱ्या देशाचा माल व्हिएतनाममार्गे आला तर ४० टक्के असं वेगळं जाहीर केलं. म्हणजे हा रोग सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्या कस्टमलाही.

आता कस्टम. २०२० च्या बजेटमध्ये कस्टम्स अॅक्टमध्ये २८डीए नावाचं कलम आलं आणि त्याच्या पाठोपाठ २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नावाचे नियम लागू झाले. ह्याच्या आधी सर्टिफिकेट जोडलं की इंपोर्टरचं काम संपायचं, शंका आली तर दोन सरकारं एकमेकांना पत्रं लिहीत बसायची. आता तसं नाही. सर्टिफिकेट दिलं म्हणजे तुझी जबाबदारी संपली असं नाही हे कायद्यातच लिहिलंय. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून शेत कोण कसतोय हा प्रश्न सुटत नाही, तसंच. माल त्या देशाचा कसा ठरला, कुठला भाग कुठून आला, तिथे काय प्रक्रिया झाली, ३५ टक्के कसे भरले, ही माहिती इंपोर्टरकडे माल उतरायच्या आधीपासून असली पाहिजे, फॉर्म वन नावाचा त्याचा नमुना आहे, आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र) भरल्यापासून पाच वर्षं ती जपून ठेवायची. अधिकाऱ्यानं मागितली की दहा कामाच्या दिवसांत द्यायची. दहा दिवसांत तुझा ट्रेडर तुला व्हिएतनामच्या कारखान्याची कॉस्टिंग शीट आणून देणार आहे? विचारून बघ. उत्तर मी आत्ताच सांगते, "सर, दॅट इज फॅक्टरी कॉन्फिडेन्शियल."

कॉन्फिडेन्शियल असूही शकतं, नाही असं नाही, आणि अशा वेळी आपलं खातं तिथल्या खात्याकडून सरळ पडताळणी मागवू शकतं. पण तोवर माल सोडवायचा तर शून्य ड्युटी आणि पूर्ण ड्युटी यांच्यातल्या फरकाएवढी हमी भरावी लागते, पैसा अडकतो, आणि तिकडून उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं तर सवलत जाते. न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या कामात असताना मी बघितलंय, ज्याची फाइल आधीपासून तयार असते त्याचा माल अडकत नाही असं नाही, पण सुटतो लवकर, आणि ज्याची फाइल नोटीस आल्यावर तयार होते त्याच्या फाइलमधल्या तारखाच त्याला अडकवतात.

आणि आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. माल त्याचा, सप्लायर त्याचा, सर्टिफिकेट तो आणणार, गिऱ्हाईक तुझं, मग आयईसी तुझा कशाला? इतका सरळ धंदा असेल तर त्यानं स्वतःच्या नावावर उतरवावा आणि तुला जीएसटी बिलानं रुपयात विकावा की! त्याचं उत्तर असं की बिल ऑफ एंट्रीवर ज्याचं नाव, सवलत मागितली त्यानं, डिक्लरेशन केलं त्यानं, आणि पाच वर्षांच्या आत पडताळणी निघाली तर नोटीस त्याच्या दारात. ट्रेडर तोवर दुसऱ्या नावानं दुसऱ्या गाळ्यात बसलेला असेल, तुझं मात्र शिरोलीत शेड आहे, मशीनं आहेत, बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) आहे. कुणाकडून वसूल करणं सोपं, तूच सांग.

आता हिशोब करू, कारण तुझ्या पत्रात हिशोब अर्धाच आहे. ४०० रुपयांचा व्हॉल्व्ह. साडेसात टक्के बेसिक ड्युटी म्हणजे ३० रुपये, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे ३, झाले ३३. आयजीएसटी दोन्हीकडे लागतोच आणि तुला त्याचं क्रेडिट मिळतं, तो सोडून दे. म्हणजे पूर्ण ड्युटी भरली तरी व्हॉल्व्ह ४३३ ला पडतो, वर क्लिअरिंग आणि गाडीभाडं. तुझा ५६०. मग तुझ्यात आणि त्याच्यात जो १६० चा फरक आहे त्यात ह्या कराराचा वाटा किती? तेहतीस! बाकीचे सव्वाशे रुपये करारानं आलेले नाहीत, ते आलेत तिकडच्या उत्पादनाच्या मोठ्या संख्येतून, कास्टिंगच्या दरातून, व्याजदरातून, आणि कदाचित धातूतून, त्याच्यावर येते पुढे.

म्हणजे ट्रेडर तुला ज्या गोष्टीच्या नावावर माल विकतोय ती गोष्ट ३३ रुपयांची आहे. पाच हजार नगांची एक खेप धर, २० लाखांचा माल, शून्यमुळे वाचले १ लाख ६५ हजार. वर्षाला चार खेपा, तीन वर्षं, म्हणजे १९ लाख ८० हजार वाचले, आणि ते तरी तुझ्या खिशात राहणार का, डीलर त्यातले अर्धे काढून घेईलच. आणि तीन वर्षांनी सवलत नाकारली तर हे १९ लाख ८० हजार परत, त्यावर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, आणि खोटी माहिती जाणूनबुजून दिली असं ठरलं तर ड्युटी आणि व्याजाएवढाच दंड वेगळा. ५० लाखांच्या घरात जातो मामला, वकील सोडून. तुझ्या एवढ्या युनिटला हे झेपणारं नाही, आणि हे सगळं दुसऱ्यानं भरलेल्या एका कॉस्टिंग शीटवर अवलंबून जी तू डोळ्यानं बघितलेली नाहीस.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आणायचाच असेल तर एकतर व्हिएतनामच्या कारखान्याशी स्वतः बोल, फॉर्म वनमधली माहिती त्याच्या लेटरहेडवर आधी घे, शक्य असेल तर एकदा जाऊन ये, तिथे कास्टिंग ओततात की नुसतं आवळतात हे तुझ्यासारख्या माणसाला शेडमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या कळेल, आणि मग शून्य माग. नाहीतर शून्य मागूच नको. ओरिजिन खरा काय तो लिही, चीन तर चीन, पूर्ण ड्युटी भर आणि रात्री झोप. तिसरा मार्ग, ट्रेडरला सांग तुझ्या आयईसीवर उतरव आणि मला बिल दे. तो नको म्हणाला की तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली.

(बिल ऑफ लेडिंगवरचा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवरचा, कंटेनर नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकून बघायचं विसरू नको. हायफाँगला भरला म्हणतात आणि कंटेनर चीनच्या निंगबोहून निघालेला असतो, असंही होतं. सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदललं तर चालतं, करारात त्याची सोय आहे.)

धातूचं. कस्टमच्या आधी हे कर, उद्याच कर. सॅम्पल घे आणि कोल्हापुरात कुठल्याही लॅबमध्ये स्पेक्ट्रो मार, म्हणजे धातूत काय किती आहे ते कळेल. बॉडीवर सीएफ८एम कोरलंय फोटोत दिसतंय, म्हणजे ३१६ च्या जातीचं कास्टिंग, निकेल ९ ते १२ टक्के आणि मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के निघालं पाहिजे. मॉली शून्याच्या आसपास आणि निकेल चार-पाच निघालं तर तुझ्या १६० च्या फरकाचं अर्धं कोडं तिथेच सुटलं. लोहचुंबक लावून बघू नको, स्टेनलेसचं कास्टिंग चांगलं असलं तरी त्यात थोडा फेराइट असतो आणि चुंबक हलका धरतोच, आपल्याकडे त्यावरून विनाकारण भांडणं होतात. बॉडी, बॉल आणि स्टेम तिन्ही वेगवेगळं तपासून घे, बॉडी बरी आणि बॉल हलका हा नेहमीचा प्रकार. डेअरीला किंवा साखर कारखान्याला असला माल गेला आणि सहा महिन्यांत बॉलला खड्डे पडले तर शिव्या ट्रेडर खाणार नाही, तुझे बाबा खातील.

आणखी एक, तू पाणीपुरवठ्याच्या टेंडरला माल देतोस का हे लिहिलेलं नाहीस पण शिरोलीतले बरेच जण देतात म्हणून सांगते. सरकारी खरेदीत मेक इन इंडियाच्या २०१७ च्या आदेशाप्रमाणं स्थानिक वाटा ५० टक्के असेल तर पहिला वर्ग, २० टक्के असेल तर दुसरा, आणि हे सर्टिफाय तूच करतोस. आणलेल्या व्हॉल्व्हवर स्वतःचा ब्रँड ठोकून हे प्रमाणपत्र दिलंस तर तिकडून वेगळी भानगड. आयात मालाच्या पॅकिंगवर मूळ देशाचं नाव लिहिणं आपल्याकडे सक्तीचं आहे, ते खरवडून काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठव. तू आणणार त्या साइजला आयएसआयची सक्ती आहे का तेही बीआयएसच्या यादीत बघून घे, ह्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डर सारख्या बदलत असतात.

मेहुण्याचं आता. मशीनं विकून ट्रेडिंग कर म्हणणारे मेहुणे प्रत्येक एमआयडीसीत आहेत आणि सगळेच चुकीचे नसतात हे आधी कबूल करते. पण विचार कर, ट्रेडिंगमध्ये तुझ्याकडे असं काय आहे जे त्या मुंबईवाल्याकडे नाही? आज तो तुला ४०० ला देतोय, सहा महिन्यांनी तुझ्या डीलरला थेट ४१० ला देईल, तुझा नंबर, तुझं गिऱ्हाईक सगळं त्याला कळलेलं असेल. तुझ्याकडे जे आहे ते म्हणजे लेथवर उभा राहणारा माणूस, टेस्ट बेंच, आणि रात्री नऊला फोन आला तर सकाळी गाडीवर टाकून देता येणारा दोन इंची फ्लँजचा व्हॉल्व्ह. ह्याला भाव आहे, अर्धा इंच आणि एक इंचाला नाही, खरंच नाही, तिथे तू कितीही घासलास तरी हरणार.

मी तुझ्या जागी असते तर छोट्या साइजचा हट्ट सोडला असता. अर्धा ते एक इंच, पूर्ण ड्युटी भरून, ओरिजिन खरा लिहून, स्पेक्ट्रो पास झालेला माल आणायचा, डीलरला रेंज पूर्ण करून द्यायची, त्यात मार्जिन थोडं ठेवायचं. आणि मशीन सगळी दीड इंचाच्या वर, फूट व्हॉल्व्ह, डेअरी फिटिंग, दुरुस्ती आणि सुट्या भागांवर लावायची. एक मधला मार्गही आहे, काही जण करतात, अख्खा व्हॉल्व्ह न आणता नुसता बॉल आणि सीट आणायची, बॉडी इथल्या फाउंड्रीची आणि मशीनिंग आपलं. पण इथेच तुला समजेल की हा करार छोट्या कारखानदाराला का बोचतो.

बघ, तू चीनहून बॉल मागवलास तर त्यावर ड्युटी, कारण चीनबरोबर आपला असा करार नाही. व्हिएतनामच्या शेडवाल्यानं तोच बॉल मागवला तर त्याला शून्य, कारण चीन आणि आसियानचा स्वतःचा करार आहे, आसियानच्या जुन्या सहा देशांना तर तोही नेमका १ जानेवारी २०१० पासूनच पूर्ण लागू झाला, व्हिएतनामसारख्यांना पुढे टप्प्याटप्प्यानं. आणि त्यानं जुळवलेला व्हॉल्व्ह आपल्याकडे शून्यात येतो. तू मात्र भागांवर ड्युटी भरणार, चीनचं स्टेनलेस घ्यायला गेलास तर त्यावर साडेसात टक्के, इथल्या स्टील मिलचं घेतलंस तर तिचा दरही त्या ड्युटीच्या भिंतीच्या आडोशानंच ठरलेला. कच्च्या मालावर ड्युटी आणि तयार मालावर शून्य, अशा उलट्या रचनेत जुळवणारा जिंकतो आणि बनवणारा हरतो. खरं तर ३५ टक्क्यांची अट ह्याच्यासाठीच आहे, ती प्रामाणिक पाळली गेली तर व्हिएतनाममध्ये खरोखर कारखाना टाकावा लागतो आणि मग स्पर्धा बरोबरीची होते. म्हणून कॅरोटारला जे इंपोर्टर शिव्या घालतात त्यांच्या बाजूनं मी नाही. जाच आहे, छोट्याला जास्त आहे, पण तो नियम तुझ्याच शेडचं रक्षण करायला आलाय, आणि तूच आज त्याच्या पलीकडे उभा राहायला निघालायस म्हणून मला हे पत्र महत्त्वाचं वाटलं.

आकडेच बघायचे तर २०१०-११ मध्ये आसियानबरोबरची आपली तूट साधारण ५ अब्ज डॉलर होती, २०२२-२३ मध्ये ती ४४ अब्जांच्या आसपास गेली. त्यात पामतेल आहे, कोळसा आहे, सगळाच काही चिनी माल नाही, आणि करार नसता तर तूट झाली नसती असंही मी म्हणणार नाही. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकमध्ये आपण आरसेपमधून, म्हणजे आसियान, चीन वगैरे देशांच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो तेव्हा मूळ देशाचे ढिले नियम आणि आयातीचा लोंढा हीच मोठी भीती होती, आणि २०२३ मध्ये ह्या आसियान कराराचा फेरआढावा २०२५ पर्यंत संपवायचं दोन्ही बाजूंनी ठरवलं तेही काही हौस म्हणून नाही. तुला ह्यात काही करायचं असेल तर स्मॅकमध्ये, तुमच्या शिरोलीच्या कारखानदारांच्या संघटनेत, जाऊन बस, तुमच्या व्हॉल्व्हवाल्यांचा कोडनिहाय हिशोब एकत्र करा. अँटी डम्पिंगचा (बाहेरून फार स्वस्तात ओतलेल्या मालावर जादा ड्युटी लावायचा) अर्ज करायचा म्हटलं तरी देशातल्या उत्पादनाच्या किमान २५ टक्के वाटा असलेले उत्पादक पाठीशी लागतात, एकट्या शिरोलीचं काम नाही ते, राजकोट-जामनगर-अहमदाबादवाल्यांना धरल्याशिवाय होणार नाही.

शेवटचा प्रश्न मला आवडला, करार दोन्हीकडून आहे तर आपला माल तिकडं का जात नाही. जातो की, सगळाच नाही. पण व्हॉल्व्हचं बघ, होचिमिन्हच्या डीलरला तुझा व्हॉल्व्ह समजा शून्यात पडला, त्याला चीनचाही शून्यातच पडतो, वर जहाज जवळचं, मग तो तुझा का घेईल? सवलत सगळ्यांनाच मिळाली तर ती सवलत राहत नाही. शिवाय सगळ्यांनी सारखं उघडलेलंही नाही, इंडोनेशियानं आपल्यासाठी निम्म्याहून कमी वस्तूंवरची ड्युटी पूर्ण काढली, आपण त्यांच्यासाठी बरीच जास्त. ऑस्ट्रेलियाबरोबर आपला करार २०२२ च्या डिसेंबरपासून लागू आहे पण चीनचा तिथे त्याच्याही आधीपासून आहे, म्हणजे तीच गत.

तुला बाजार शोधायचा तर जिथे चीनला ड्युटी लागते आणि आपल्याला लागत नाही तिथे शोध. दुबई. यूएईबरोबर आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, बहुतेक मालावरची त्यांची ५ टक्के ड्युटी आपल्याला गेली, चीनला लागते. पाच टक्के म्हणजे फार नाही, पण तिकडे डीलर दोन टक्क्यांवर सप्लायर बदलतात, आणि कोकणातली, घाटावरची कितीतरी माणसं तिथल्या प्लंबिंग आणि हार्डवेअरच्या दुकानांत, कॉन्ट्रॅक्टरकडे कामाला आहेत, ओळख काढायला फार लांब जावं लागणार नाही. छोट्या साइजच्या नादाला तिथेही लागू नको, मोठ्या साइज आणि सुटे भाग घेऊन जा.

तिथे जाताना सर्टिफिकेट तुला काढावं लागेल, डीजीएफटीच्या (केंद्र सरकारचं परदेश व्यापाराचं खातं) पोर्टलवर अर्ज, आणि आता हिशोब भरून देणारा एक्सपोर्टर तू असशील. यूएईच्या करारात वस्तूनुसार नियम आहेत, बऱ्याच ठिकाणी ४० टक्के इथलं पाहिजे, आणि तू चीनचा बॉल घातलेला असशील तर तो वजा होणार. म्हणून आत्तापासून साइजप्रमाणं एकेक फाइल कर, कास्टिंगचं फाउंड्रीचं बिल, बारचं बिल आणि त्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, सीट कुठून आली, मजुरी किती, वीज किती. बाबांकडे वहीत हे सगळं असणार, ५६० हा आकडा काही हवेतून आलेला नाही. ती वही एक्सेलमध्ये उतरवून मला दोन इंची आणि तीन इंचीची पाठव, ४० टक्के बसतात का बघू, आणि डीलरला तोवर सांग की एक इंचीचा रेट स्पेक्ट्रोचा रिपोर्ट आल्यावर देतो.